सोंडुलीचा बत्तासा आणि सगळेच प्रमुख

एक होती चिचुंद्री. अगदी एवढुशी. नाव तिचं सोंडुली. नाक लांब, पाय आखूड, आवाज बारीक. चालायची कशी? तुरुतुरु, तुरुतुरु.

सोंडुली राहायची शाळेच्या मागे. हात धुवायच्या हौदापाशी, एका विटेखाली. घरात भावंडं पुष्कळ. खाऊ आला की आधी थोरल्यांना, मग मधल्यांना. सोंडुलीपर्यंत यायचा तो नुसता चुरा. लाडवाचा चुरा. बिस्किटाचा चुरा. चुऱ्याचासुद्धा चुरा. अख्खा खाऊ तिनं कधी खाल्लाच नव्हता.

एक दिवस काय झालं? शाळेत सरस्वतीची पूजा झाली. बाईंनी बत्तासे वाटले. एका मुलाच्या हातून एक बत्तासा सुटला. खिडकीतून खाली आला. टप्प! थेट हौदाच्या काठावर!

पांढराशुभ्र. गोल गोल. अख्खा!

सोंडुली धावली. तुरुतुरु, तुरुतुरु. चढली काठावर.

"माझा!" ती म्हणाली. "माझा एकटीचा!"

तिला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की खायचं सोडून ती नुसता वासच घेत बसली. हुंग हुंग. हुंग हुंग. साखर गेली नाकात. आणि नाक केवढं, ते तर तुम्हाला सांगितलंच आहे.

"आऽऽऽक् छीं!"

बत्तासा उडाला. गडगड, गडगड, टप्प! पडला हौदात.

हौद होता कोरडा. हौद होता खोल. भिंतीला गुळगुळीत फरशी. सोंडुली आत गेली असती घसरत, पण वर कशी आली असती?

आणि शाळेला नळ यायचा संध्याकाळी. नळ आला, की हौद भरणार. हौद भरला, की बत्तासा विरघळणार. सोंडुली काठावर इकडून तिकडे पळाली.

पण मग तिला आठवलं. अरे, आपल्याकडे तर मंडळ आहे!

त्याचं असं झालं होतं. कालच शाळेत एक झब्बेवाले सर आले होते. मुलांचं शिबिर होतं. "मुलांनो, डोकं चालवा! मिळून काम करा! बोला कमी, करा जास्त!" एवढंच सांगायला सर सकाळपासून दुपारपर्यंत बोलले. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि ती घरी जाऊन विसरून गेली. पण खिडकीबाहेर सगळे किडे-पाखरं कान देऊन ऐकत होते. ते काही विसरले नाहीत. त्यांनी लगेच मंडळ काढलं. पानांचे बिल्ले केले. कोळी झाला दोरी प्रमुख. भुंगा झाला भोक प्रमुख. शिंपीण झाली पिशवी प्रमुख. अळी झाली माप प्रमुख. आणि बेडूक? तो झाला सगळ्या प्रमुखांचा प्रमुख.

सोंडुलीची पाळी आली, तेव्हा पानं संपली होती.

असू दे. सोंडुली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली खिडकीच्या कोपऱ्यात. तिथे कोळी बसला होता, आठही पाय पसरून.

"कोळीमामा, कोळीमामा,
बत्तासा पडला हौदात.
नळ येईल, पाणी भरेल, बत्तासा विरघळून जाईल!
तू दोरी दे ना!"

कोळी म्हणाला, "देईन की! नाही कुठे म्हणतोय? पण आधी मी कसा? ती बघ काठी पडलीय. तिला भोक आहे का? नाही! मग दोरी ओवू कुठे? आधी भुंग्याला भोक पाडू दे. मग मी दोरी देईन."

सोंडुलीला पटलं. किती हुशार आमचे कोळीमामा!

निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली मोडक्या बाकाकडे. बाकाच्या लाकडात भुंगा राहायचा. गुंऽऽ गुंऽऽ.

"भुंगेदादा, भुंगेदादा,
बत्तासा पडला हौदात.
नळ येईल, पाणी भरेल, बत्तासा विरघळून जाईल!
कोळी दोरी देईना.
तू भोक पाड ना!"

भुंगा म्हणाला, "पाडीन की! नाही कुठे म्हणतोय? पण आधी मी कसा? काठीला लटकवायचं काय? पिशवी कुठाय? पिशवीच नाही, तर भोक कशाला? आधी शिंपिणीला पिशवी शिवू दे. मग मी भोक पाडीन."

सोंडुलीला हेही पटलं. पण थोडं कमी.

निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली लिंबाच्या झाडाखाली. शिंपीण म्हणजे पानं शिवून घरटं करणारं पाखरू. एवढीशी, पण चोच सुईसारखी. टुविट टुविट.

"शिंपीणमावशी, शिंपीणमावशी,
बत्तासा पडला हौदात.
नळ येईल, पाणी भरेल, बत्तासा विरघळून जाईल!
कोळी दोरी देईना,
भुंगा भोक पाडीना.
तू पिशवी शिव ना!"

आता तुम्ही म्हणाल, ती पाखरू ना? मग भुर्रकन खाली जायचं, बत्तासा चोचीत धरायचा, भुर्रकन वर यायचं. झालं काम! अगदी बरोबर. तुम्हाला कळलं. सोंडुलीलाही कळलं. तिनं विचारलंसुद्धा.

"छे गं!" शिंपीण म्हणाली. "माझा बिल्ला बघ. पिशवी प्रमुख! उचलाउचली माझ्याकडे नाही."

"बरं मग, पिशवी तरी?"

"शिवीन की! नाही कुठे म्हणतेय? पण आधी मी कशी? बत्तासा केवढा? लांब किती? रुंद किती? मापाशिवाय मी टाकासुद्धा घालत नाही. आधी अळीला माप घेऊ दे. मग मी पिशवी शिवीन."

निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली जास्वंदीकडे. एका फांदीवर हिरवी अळी चालली होती. वाकली, ताणली. वाकली, ताणली.

"अळीताई, अळीताई,
बत्तासा पडला हौदात.
नळ येईल, पाणी भरेल, बत्तासा विरघळून जाईल!
कोळी दोरी देईना,
भुंगा भोक पाडीना,
शिंपीण पिशवी शिवीना.
तू माप घे ना!"

अळी म्हणाली, "घेईन की! नाही कुठे म्हणतेय? पण आधी मी कशी? असंच घेऊ? कुणी काही म्हणालं नाही, आणि मी आपली सुटले मापं घेत? बरं दिसतं का ते? आधी बेडकाला 'सुरू' म्हणू दे. मग मी माप घेईन."

सोंडुलीचे पाय आता दुखायला लागले होते. पण बत्तासा आठवला. अख्खा! निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली कर्दळीखाली. तिथे ओल्या मातीत बेडूक बसला होता. छाती फुगवून. डराँव डराँव.

"बेडूककाका, बेडूककाका,
बत्तासा पडला हौदात.
नळ येईल, पाणी भरेल, बत्तासा विरघळून जाईल!
कोळी दोरी देईना,
भुंगा भोक पाडीना,
शिंपीण पिशवी शिवीना,
अळी माप घेईना.
तू 'सुरू' म्हण ना!"

बेडूक म्हणाला, "म्हणेन की! नाही कुठे म्हणतोय? पण आधी मी कसा? सुरू झालंय का काही? काहीच नाही! मग 'सुरू' कसं म्हणू? लोक हसतील मला. आधी कोळ्याला दोरी देऊ दे. मग मी 'सुरू' म्हणेन."

"पण काका," सोंडुली म्हणाली, "तुम्हीच मारा ना उडी. टुणकन आत, टुणकन बाहेर."

बेडूक रागावला. "मी? मी सगळ्या प्रमुखांचा प्रमुख! प्रमुख कधी उड्या मारतात का?"

झालं! सोंडुली परत फिरली. तुरुतुरु... तुरु... तुरु. गेली खिडकीच्या कोपऱ्यात. कोळी तसाच बसला होता, आठही पाय पसरून.

"कोळीमामा, कोळीमामा,
बत्तासा पडला हौदात.
नळ येईल, पाणी भरेल, बत्तासा विरघळून जाईल!
भुंगा भोक पाडीना,
शिंपीण पिशवी शिवीना,
अळी माप घेईना,
बेडूक 'सुरू' म्हणेना.
आणि बेडूक म्हणतो, आधी तू दोरी दे!"

कोळ्यानं पायांवर हिशोब केला. हा पाय भुंग्याचा, हा शिंपिणीचा, हा अळीचा, हा बेडकाचा, आणि हा... हा पुन्हा माझाच? पाय पायात गुंतले.

"म्हणजे सगळे विचार करतायत," कोळी म्हणाला. "छान! काम अगदी व्यवस्थित चाललंय. आधी भुंग्याला भोक पाडू दे."

मोठी माणसं असंच करतात. तुमचे बाबा नाही हं. दुसऱ्यांचे.

सोंडुली हौदाच्या काठावर येऊन बसली. खाली बत्तासा दिसत होता. पांढराशुभ्र. तिला खूप वाईट वाटलं. डोळ्यांतून पाणी आलं. लांब नाकावरून ओघळत ओघळत टोकाशी आलं आणि टपकलं. टिप.

उन्हं उतरली. शाळा सुटली. आणि नळातून आवाज आला.

खुर्रर्र... फुस्स!

पाणी नव्हे, नुसती हवा. पण आधी हवा येते, मग पाणी येतं. हे शाळेतल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

सोंडुली उठली. आता तिला रडू नाही, राग आला. "कुणी नको! मीच करते!"

तिनं ती काठी ओढली. बांबूची, बारीक. दातात धरून ओढत आणली आणि हौदाच्या कोपऱ्यात आडवी घातली. पडली वाकडी. असू दे!

तिनं लोकरीचा एक तुकडा शोधला. काठीला गुंडाळला. झाला गुंता. असू दे!

तिनं एक वाळकं पान आणलं. लोकरीला बांधलं. पानाला भलंमोठं भगदाड. असू दे!

"झालं!" सोंडुली म्हणाली.

काय झालं होतं, ते तिलाच माहीत. काठी वाकडी, लोकर गुंतलेली, पान फाटलेलं. वारा आला की सगळं मिळून लटपट लटपट.

कर्दळीखालून बेडकानं ते पाहिलं. त्याचे डोळे बाहेर आले. छाती खाली बसली.

"अगं असं नाही! असं नाही!" तो ओरडला. "कुणी 'सुरू' म्हणण्याआधीच सुरू? असं कुठे असतं? थांब! सुरू! सुरू! सुरू!"

म्हटलं की हो त्यानं! आणि ओरडता ओरडता टुणुक टुणुक उड्या मारत आला.

बेडूक 'सुरू' म्हणाला, तसं अळीनं मान वर केली. तिनं ते पान पाहिलं.

"अगं असं नाही! असं नाही! एवढ्याशा पानात एवढा बत्तासा मावतो का? बाजूला हो!"

अळी निघाली. भिंतीवरून खाली. वाकली, ताणली. वाकली, ताणली. बत्ताशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. "लांब दीड अळी! रुंद दीड अळी!"

अळीनं माप घेतलं, तशी शिंपीण आली. भुर्र!

"अगं असं नाही! असं नाही! ही पिशवी आहे का चाळणी? काढ ते पान! बघवत नाही मला!"

कर्दळीचं हिरवं पान आणलं. दुमडलं. चोच खाली, चोच वर. टुच टुच, टुच टुच. काय सुंदर पिशवी झाली!

शिंपिणीनं पिशवी शिवली, तसा भुंगा आला. गुंऽऽ गुंऽऽ.

"अगं असं नाही! असं नाही! काठी कशी घातलीय बघा! धरा रे इकडून! सरळ करा!" बेडकानं इकडून धरलं. काठी सरळ झाली. भुंग्यानं मधोमध भोक पाडलं. कुर्र कुर्र, कुर्र कुर्र. भुसा उडाला.

भुंग्यानं भोक पाडलं, तसा कोळी आला. झपाझपा, आठही पायांनी.

"अगं असं नाही! असं नाही! ही दोरी आहे का शेवई? हट्!"

कोळ्यानं दोरी काढली. सर्रर्र! एकपदरी नाही, दुपदरी नाही. चांगली जाड, पदरावर पदर घातलेली. भोकातून ओवली. पिशवीला बांधली.

बेडूक 'सुरू' म्हणाला,
अळीनं माप घेतलं,
शिंपिणीनं पिशवी शिवली,
भुंग्यानं भोक पाडलं,
कोळ्यानं दोरी दिली!

आता राहिलं काय? पिशवी तर वर आहे आणि बत्तासा खाली. पिशवीत त्याला घालणार कोण?

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोळी भुंग्याकडे. भुंगा शिंपिणीकडे. शिंपीण अळीकडे. आणि पुन्हा कुणीतरी तोंड उघडलं, "करीन की, नाही कुठे..."

खुर्रर्र... फुस्स... खळ्!

नळाचं पहिलं पाणी आलं. एक थेंब. मग दुसरा.

सोंडुली पिशवीत बसली. तिला भीती वाटत होती. तरी ती बसली. "सोडा!" ती म्हणाली.

सर्रर्र. पिशवी गेली खाली. गेली खाली. टेकली.

सोंडुली बाहेर आली. तळाला ओल आलेली. पाणी सरकत सरकत बत्ताशाकडे निघालेलं. तिनं नाक लावलं बत्ताशाला आणि ढकललं. हुं... हुं... हुप्प! बत्तासा पिशवीत. मागून सोंडुली पिशवीत. तिच्या नाकाला धरून अळीसुद्धा पिशवीत.

"ओढा!"

वर कोण ओढणार, हे कुणी विचारलंच नाही. कोळ्यानं ओढलं. भुंग्यानं ओढलं. शिंपिणीनं चोचीत धरून ओढलं. बेडूक आपण कोण आहोत ते विसरला आणि सगळ्यात पुढे उभा राहून ओढायला लागला. हय्या! हय्या! आणि ओढताना सगळे एकमेकांना ओरडत होते, "असं नाही रे, असं!" पण ओढत होते!

पिशवी आली वर. आली वर. आली काठावर. थप्प!

आणि खाली नळ सुटला. धो धो धो!

"वाचला! वाचला!" सोंडुलीनं बत्ताशाला मिठी मारली. एवढासुद्धा भिजला नव्हता. अख्खाच्या अख्खा.

बेडकानं छाती फुगवली. डराँव! "मंडळी! आज आपल्या मंडळानं मोठं काम केलं. आता सांगा, आधी कुणी केलं? त्याचा सत्कार करू."

"आधी मी!" कोळी म्हणाला. "माझी दोरी!"

"छे, आधी मी!" भुंगा म्हणाला. "भोक नसतं, तर दोरी ओवली असती कुठे? डोक्यात?"

"आधी मी!" शिंपीण म्हणाली. "पिशवी शिवली कुणी?"

"आधी मी!" अळी म्हणाली. "माप घेतलं कुणी?"

"आधी मी!" बेडूक म्हणाला. "सुरू म्हटलं कुणी?"

दुपारभर म्हणत होते, आधी मी कसा, आधी मी कशी. आणि आता? आधी मी, आधी मी, आधी मी! कर्दळीच्या पानावर बसलेली माशीसुद्धा म्हणाली, "आधी मी!" तिनं तर काहीच केलं नव्हतं.

या गोंधळात एक आवाज येत होता. बारीक.

कुडुम कुडुम. कुडुम कुडुम.

सगळे वळून बघतात तर काय? सोंडुली बसलीय काठावर. नाकाला साखर. मिशीला साखर. बत्तासा खातेय. आज आधी थोरले नाहीत, आधी मधले नाहीत. अर्धा बत्तासा तर संपलाही होता.

बेडूक म्हणाला, "सोंडुले, तूच सांग. आधी कोण?"

सोंडुलीनं घास गिळला.

"आधी मी," ती म्हणाली.

"तू?" सगळे ओरडले. "तू काय केलंस?"

"मी आधी चुकले," सोंडुली म्हणाली. "मग तुम्ही आलात."

कोळ्यानं भुंग्याकडे पाहिलं. भुंग्यानं शिंपिणीकडे. शिंपिणीनं अळीकडे. अळीनं बेडकाकडे. बेडकानं त्या फाटक्या पानाकडे.

त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी म्हणालं नाही, "अगं असं नाही."

कुडुम कुडुम. कुडुम.

बत्तासा उतरला पोटात, गोष्ट उतरली कानात. आता बघू, डोळे कोण मिटतं आधी!